उजव्या हाताच्या बाईची बातमी

आमच्या वर्गात मुली चारच होत्या आणि चौघींना मिळून एकच बाक होता. कॉलेजने तो प्राध्यापकांच्या टेबलाच्या बाजूला, भिंतीला लावून, मुलांकडे आमची पाठ होईल अशा बेताने ठेवला होता. हेतू हा की आमची नजर मुलांकडे जाऊ नये. झालं असं की मुलंच तास तास आमच्या वेण्या बघत बसली आणि प्राध्यापकांचं अक्षर न् अक्षर आमच्या कानांत गेलं. परीक्षेत आम्ही चौघी मुलांच्या पुढे असायचो, त्याचं श्रेय मी त्या बाकाला देते. थोडं स्वतःलाही घेते.

नावं मी लिहीत नाही. चौघींच्या घरी वाचणारी माणसं आहेत. आम्ही एकमेकींना गावावरून ओळखतो आणि तेवढं पुरतं. नागपूरवालीचा नवरा सरकारी कचेरीत मोठा अंमलदार. इटारसीवाली रेल्वेच्या क्वार्टरात राहते आणि पासावर जगभर, म्हणजे भुसावळपासून अलाहाबादपर्यंत, हिंडते. तिसरी इथलीच, जबलपुरातल्या चेरीताल वस्तीतली. तिच्या सासरचे लोक वऱ्हाडातून येऊन इथे धान्याच्या व्यापारात रुजलेले. चौथी मी, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. आमचं घराणं पेशव्यांच्या कामदारांबरोबर जबलपूरला आलं आणि परत जायचं विसरलं. माझं लग्न झालं नाही असं लोक म्हणतात. मी केलं नाही असं मी म्हणते. माझा नकार ऐकलेले दोन गृहस्थ अजून गावात फिरतात, तेव्हा त्यांनाच विचारावं.

चौघींत खरी हुशार चेरीतालवाली. हे मी म्हणते आहे, आणि मी सहसा कोणाला असं म्हणत नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, परीक्षा चैत्रात असताना, तिचं लग्न फाल्गुनात निघालं. आम्ही तिघी तिच्या वडिलांकडे गेलो. मी म्हटलं, "काका, दोन महिने थांबा." ते मोठ्या प्रेमाने म्हणाले, "बेटा, परीक्षा दर वर्षी येते, असा मुहूर्त येत नाही. पुढच्या वर्षी बसेल ती." आम्ही लग्नात जेवलो आणि चैत्रात बाकावर तिघीच बसलो. पुढच्या वर्षी तिच्या मांडीवर मुलगा होता.

कॉलेज सुटल्यावर दहा-बारा वर्षांनी आम्ही पुन्हा जमायला लागलो. दर वर्षी पौषात, संक्रांतीची गर्दी ओसरली की, ग्वारीघाटावर. नर्मदेवर जाते म्हटलं की अडवायची कोणाच्या सासूची बिशाद नाही. टांग्याने जायचं, स्नान करायचं (इटारसीवाली पाय बुडवते आणि स्नान झालं म्हणते), मग नावाडी जिथे नावा ओढून ठेवतात त्याच्या पलीकडे गोवऱ्या पेटवून गक्कड-भरता करायचा. गक्कड म्हणजे कणकेचा मुठीएवढा गोळा. तो निखाऱ्यांत भाजायचा, राख झटकायची, फोडायचा आणि वर तूप सोडायचं. त्याच आरात वांगी आणि टमाटे भाजून भरता. जबलपूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण पुण्याचे पाहुणे विचारतात.

पहिल्या वर्षी मी हौसेने म्हटलं, "चला, सांगा एकेक, काय काय झालं?" नागपूरवालीने नवऱ्याची बढती सांगितली. मग उन्हाळ्यात सरकार पचमढीला जातं तेव्हा त्यांना केवढा बंगला मिळतो ते सांगितलं. इटारसीवालीने तिन्ही मुलांचे आजार सांगितले, क्रमाने. चेरीतालवाली म्हणाली, "सगळं ठीक आहे, देवाची कृपा." मी चिडले. मला चिडायला फार वेळ लागत नाही.

"अगं, यात तुम्ही कुठे आहात?" मी चिमटा आपटून म्हटलं. "नवरा आहे, पोरं आहेत, देव आहे. माझ्या बाकावरच्या मुली कुठे गेल्या?"

आणि तिथल्या तिथे मी नियम केला. स्वतःची बातमी कोणी सांगायची नाही. प्रत्येकीने आपल्या उजव्या हाताला बसलेल्या बाईची सांगायची. नवरा आणि मुलं यांची पाळी जेवण झाल्यावर, हात धुताना. शिवाय जे झालं आहे तेच सांगायचं. होणार आहे ते सांगायचं नाही, कारण 'पुढच्या वर्षी करणार आहे' या वाक्याने मी भरून पावले आहे. तिघींनी कुरकुर केली, पण चिमटा माझ्या हातात होता.

हा नियम म्हणजे माझ्या आयुष्यातली सर्वांत शहाणी गोष्ट. दुसरीचं सांगायचं तर आधी ते माहीत पाहिजे. त्यामुळे आमच्या जागा ठरून गेल्या आणि वर्षभराची कामंही. इटारसीवालीच्या उजवीकडे नागपूरवाली, म्हणून ती पास काढून नागपूरला जाऊन येते. नागपूरवालीच्या उजवीकडे मी, म्हणून तिचं मला महिन्याला कार्ड येतं, 'नवीन काय केलंस? लवकर कळव, पौष जवळ येऊन राहिला.' चेरीतालवालीकडे इटारसीवालीचं खातं. आणि माझ्या उजवीकडे चेरीतालवाली.

तिचं सांगताना माझा दम निघायचा. घर मोठं, माणसं चिक्कार, आणि तिच्या वाट्याला कामच काम. काय सांगणार? एका वर्षी मी तिच्या लोणच्यांचं पुराण लावलं. एका वर्षी तिच्या विहिरीला नवा रहाट बसला, त्यावर मी एवढं तिखटमीठ लावून बोलले की पलीकडचा नावाडी वल्हं टाकून ऐकत उभा राहिला. तिघी हसून लोळायच्या. ती पण हसायची आणि म्हणायची, "राहू दे न गं, सांगण्यासारखं काय आहे माझ्यात?" मला तेव्हा तिचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

लढाईचे दिवस होते तेव्हाची गोष्ट. साखर मापून मिळायची आणि तोफगाड्यांच्या कारखान्यात दिवसरात्र पाळ्या चालायच्या. आषाढातल्या एका दुपारी चेरीतालवाली माझ्या घरी आली, पाणी प्यायली आणि भांडं खाली ठेवता ठेवता म्हणाली, "बायकांना खासगी बसता येतं न अजून, बी.ए.ला?"

"कोण बसून राहिली?"

"कोणी नाही बाप्पा. विचारून राहिली फक्त."

मी उठले, कपाट उघडलं आणि पाच पुस्तकं तिच्या मांडीवर ठेवली. ती घाबरली. पुस्तकं घरी नेता येणार नाहीत म्हणाली. सासू आहे, दोन जावा आहेत, आणि तिच्या खोलीला दार आहे पण कडी नाही.

यातून वाट काढली माझ्या आईने. चातुर्मास लागत होता, आई रोज दुपारी पोथी वाचायची. चेरीतालवालीने घरी सांगायचं, पोथी ऐकायला जाते. पुण्यकर्माला कोण नाही म्हणणार? बाहेरच्या खोलीत आई पोथी वाचायची आणि मधल्या दाराला पडदा ओढून आतल्या खोलीत आम्ही इंग्रजी आणि तर्कशास्त्र. बाहेर कोणाची चाहूल लागली की आई आवाज चढवायची, तो इशारा समजून आम्ही पुस्तकं चादरीखाली घालायचो. "तुमच्या त्या तर्कशास्त्रापायी माझा घसा बसला," ती म्हणायची. पण दिवस एकही चुकवला नाही तिने.

पहिले आठ दिवस वाईट गेले. इंग्रजी लिहिताना तिचा हात अडायचा, शब्द आठवायचा नाही, डोळ्यांत पाणी यायचं. मी शिकवताना ओरडते. सगळ्या शाळेला माहीत आहे, तिलाही माहीत होतं. श्रावण संपता संपता तिचं गाडं रुळावर आलं आणि भाद्रपदात ती माझ्या चुका काढायला लागली. तर्कशास्त्राचं एक कोडं मी पाऊण तास झटून सोडवलं, तर ती म्हणाली, "हे तर आमच्याकडे रोज चालतं. जाऊ बोलते एक, त्यातून निघतं दुसरं, आणि पकडायचं असतं तिसरं." उत्तर तिचं बरोबर होतं. मला कोण आनंद झाला सांगू!

मग एक दिवस दारात टांगा थांबला आणि त्यातून तिच्या सासूबाई उतरल्या. इतकी गोड पोथी सून ऐकते तर आपणही ऐकावी म्हणून आल्या होत्या. आईने असा काही आवाज लावला की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. आम्ही दोघी पदर सावरत बाहेर आलो आणि तास दीड तास हात जोडून बसलो. मला वाटलं निभावलं. पण परत जाताना टांग्यात सासूबाईंनी साधा प्रश्न विचारला, "याच्या आधीच्या अध्यायात काय झालं गं?"

दोन महिने रोज पोथीला जाणाऱ्या बाईला आधीचा एकही अध्याय माहीत नव्हता. आमच्यासारख्या शिकलेल्या बायकाच असली चूक करू जाणोत. मी तिला कादंबऱ्यांतली सगळी पात्रं पाठ करवली होती आणि पोथीची एक ओवी नाही. दुसरी कोणी असती तर तिने काहीतरी ठोकून दिलं असतं. हिने खरं ते सांगून टाकलं.

"ओरडल्या?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"नाही. म्हणाल्या, 'काहून? कशापायी शिकतेस?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"मला काही सुचलंच नाही."

मी तिला तिथल्या तिथे दहा उत्तरं दिली. ज्ञान, स्वाभिमान, मुलींपुढचा आदर्श, काय काय. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "ही सगळी तुझी उत्तरं आहेत. माझं मला सापडायचं आहे अजून."

खरी अडचण सासूबाईंची नव्हतीच. तिचा नवरा भला माणूस. दुष्ट माणूस बरा, त्याच्याशी सरळ दोन हात करता येतात. भल्या माणसाशी भांडायचं तर शब्द सापडत नाहीत. तो तिला म्हणाला, बस जरूर, पण यंदा नको. यंदा पोरगा बी.ए.ला आहे. मायलेकरं एका हॉलमध्ये परीक्षेला बसणार. तू पास झालीस आणि तो राहिला, तर गाव त्याला जगू देणार नाही. तो झाला आणि तू राहिलीस, तर तुला. पुढच्या वर्षी बस, मी स्वतः सोडायला येईन.

'पुढच्या वर्षी' ऐकल्याबरोबर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझे वडील हेच म्हणाले होते. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न निघेल, त्याच्या पुढच्या वर्षी सून येईल, मग नातवंड येईल. तू सरळ जा आणि अर्ज भर."

"त्यांचं चुकत नाही गं. पोराचं तोंड मला रोज दिसतं. तुला नाही दिसत."

"मला मूल नाही म्हणून म्हणतेस?"

"हो. म्हणून," ती म्हणाली.

असं तोंडावर मला कोणी बोलत नाही. लागलं मला, खोटं कशाला बोलू. मी उठून खिडकीपाशी गेले. ती चपला घालता घालता म्हणाली, "अर्जाची मुदत पौषाच्या आधी आहे. काय ते घाटावर समजेल तुला." त्यानंतर ती आली नाही. मीही गेले नाही. आई बाहेरच्या खोलीत पोथी वाचत राहिली, आता हळू आवाजात.

पौष आला. सकाळी नर्मदेवर धुकं होतं, मग ऊन पडलं. चौघी टांग्यातून उतरलो. फुलं-प्रसादवाल्यांनी नेहमीप्रमाणे "बाईजी, दिया ले लो, बाईजी" करून पिच्छा पुरवला. चेरीतालवाली माझ्याशी बोलत होती, पण कणीक, मीठ, गोवऱ्या, एवढंच. मी तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखायला बघत होते आणि तो चेहरा मला काही देत नव्हता. मी मनाशी ठरवलं होतं की तिने अर्ज भरला असला तर असं सांगेन, असं सांगेन की पैलतीरावर ऐकू जाईल. आणि भरला नसला तर काय सांगायचं, ते ठरवलं नव्हतं.

आम्ही आपापल्या जागी बसलो. गोवऱ्या नीट पेटल्या होत्या. मी गक्कड आरात मांडायला घेतले तोच चेरीतालवाली उठली आणि नागपूरवालीला म्हणाली, "तू तिकडे बस जरा. माझ्या डोळ्यांत धूर जाऊन राहिला."

धूर नदीकडे चालला होता. तिच्या बाजूला त्याचा मागमूसही नव्हता. पण नागपूरवाली भोळी, उठून माझ्या उजवीकडे आली आणि चेरीतालवाली जाऊन माझ्या डावीकडे बसली. म्हणजे आता तिचं मी सांगायचं नव्हतं. ते इटारसीवालीने सांगायचं, आणि तिला काडीचं काही माहीत नव्हतं.

मी समजले. अर्ज भरला नाही. माझ्या तोंडून ते ऐकायला नको म्हणून जागा बदलली. माझा नियम, आणि त्याने माझंच तोंड बंद केलं. मला इतका राग आला की पहिला गक्कड मी नुसता फेकला आरात. रागाच्या खाली दुःख होतं. ते मी कोणाला दाखवत नाही, पण होतं.

सुरुवात नेहमीप्रमाणे माझ्यापासून. नागपूरवालीचं मला काय ठाऊक? समोर दिसलं ते सांगितलं, "हिला यंदा चष्मा लागला आहे आणि ही तो घालत नाही, पदराच्या गाठीत बांधून फिरते." नागपूरवाली लाजली. तिने इटारसीवालीचं सांगितलं की हिची कंबर वाढली, बाकी काही माहीत नाही. इटारसीवालीने कपाळाला हात लावला. "हिचं मी काय सांगू? हिने जागा बदलली, हीच बातमी. चलो, पुढे."

पुढे म्हणजे चेरीतालवाली. आणि तिच्या उजव्या हाताला मी.

ती पदर खोचून नीट बसली. सगळ्या बैठकींत तिला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "हिच्या शाळेला मुली आणायला दुसरी बैलगाडी मिळाली, ते तुम्हाला कार्डावरून माहीत आहे. मी दुसरं सांगते. हिने यंदा एका विद्यार्थिनीला घरी शिकवलं. विद्यार्थिनी थोराड होती. हात चुलीला सरावलेला, पेन धरता येईना. हिने तिला अख्खा श्रावण आणि भाद्रपद शिकवलं. फार ओरडली. पण शिकवलं मन लावून. मग विद्यार्थिनीच्या घरी थोडी अडचण झाली, ती यायची बंद झाली, तर ही रुसून बसली. विचारायला सुद्धा आली नाही की बाई, तू मेली का जिवंत आहेस."

तिने चिमट्याने एक गक्कड उलटला.

"त्या विद्यार्थिनीने बी.ए.चा अर्ज भरला आहे. गेल्या महिन्यात. झालेलं सांगून राहिली मी, होणारं नाही. अर्जावर शिक्षकाची सही लागते, ती आपल्या जुन्या प्राध्यापकांची घेतली. हिची घेतली असती तर अर्ज पोचायच्या आधी गावभर झालं असतं. बस. हिचं यंदाचं एवढंच आहे."

"कोण विद्यार्थिनी?" इटारसीवालीने विचारलं.

नागपूरवालीला आधी कळलं. तिने पदराची गाठ सोडली, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि चेरीतालवालीकडे बघतच राहिली. मी रडत होते. धुरामुळे म्हणता आलं असतं, पण धूर अजून नदीकडेच चालला होता. गक्कड सगळे करपले. आम्ही ते खरवडून, तुपात बुडवून, एकही न टाकता खाल्ले.

परतताना टांग्यात मी विचारलं, "सासूबाईंना काय उत्तर दिलंस मग?"

"म्हटलं, अर्धवट राहिलं होतं म्हणून."

"मग?"

"पोथी कुठपर्यंत आली ते विचारलं."

चैत्रात परीक्षा झाली. मायलेकरं एकाच टांग्यातून यायची आणि मुलगा कॉलेजच्या फाटकाच्या बराच अलीकडे उतरून चालत जायचा. ती आत आमच्या जुन्या बाकासारख्याच एका बाकावर, भिंतीकडेला, एकटी बसायची. मी रोज फाटकापाशी जायचे. शाळेला सांगितलं की काम आहे, आणि ते होतंच.

ज्येष्ठात निकाल लागला. ती थर्ड क्लासमध्ये पास झाली. मुलगा एका विषयात राहिला.

ज्याला सगळे भ्यायले होते तेच झालं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, लेकराचं यश आईने खाल्लं. मुलगा दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. नवरा सकाळी लवकर दुकानात जायला लागला आणि उशिरा यायला लागला. घरात तिच्या पास होण्याचा शब्द कोणी काढला नाही. मी पेढे घेऊन गेले होते. ती ओसरीवर गहू निवडत बसली होती. "बस," म्हणाली. मी दुसरं सूप ओढलं. आम्ही दोघींनी एक पोतं गहू निवडला आणि निकालाचं अवाक्षर काढलं नाही. पेढे पिशवीतच राहिले. घरी आणून मी आणि आईने खाल्ले.

पुढे मुलगा सावरला आणि पुन्हा अभ्यासाला लागला, एवढं मला कळलं. येत्या चैत्रात तो परत बसणार होता. पण ती पौषात घाटावर येते का नाही याची मला खात्री नव्हती. आली. टांग्यातून उतरली, गोवऱ्या रचल्या आणि आपल्या जुन्या जागी, माझ्या उजवीकडे बसली.

सुरुवात माझ्यापासून. निकालापासून मी याचाच विचार करत होते. तिच्या घरी जी गोष्ट कोणी उच्चारली नाही, ती इथे डंका पिटून सांगायची का? पोराच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल, तिलाच लागेल. मी ठरवलं, जेवढ्यास तेवढं.

"हिचं यंदाचं," मी म्हटलं, "बी.ए. पास झाली." आणि गक्कड उलटायला वाकले.

"अगं बाई!" नागपूरवाली ओरडली. तिला खरोखर माहीत नव्हतं. "आणि पोरगा?"

माझा हात थांबला. इटारसीवालीने तिला कोपराने ढोसलं, पण शब्द निघून गेला होता. चेरीतालवाली आराकडे बघत होती.

"लेकराचं जेवल्यावर," ती म्हणाली. "हात धुताना. नियम आहे आपला." मग ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या आवाजाला अशी धार होती की माझ्या शाळेत मुली उभ्या राहिल्या असत्या. "आणि तू गं? दोन शब्दांत काहून आटोपून राहिली? लोणच्यांचं पुराण लावायची न माझ्या, अर्धा अर्धा तास? रहाटावर बोलली, तर नावाडी उभा राहून गेला होता. आज सांगण्यासारखं आहे तर घसा बसला का तुझा? नीट सांग. मोठ्याने सांग. पहिल्यापासून, बाकापासून सांग."

मी चिमटा तिच्या हातात दिला आणि बाकापासून सुरुवात केली.